चेलोच्या पोटातली काठी

सुट्टीहून परतल्यावर मुलीने चेलो बाहेर काढला. तारा सैल पडल्या होत्या, घोडी कलली होती आणि वाद्य जरा हलवताच आत काहीतरी खडखडले. अशा वेळी आईवडिलांना वाटते, तारा पिळल्या की झाले! नेमकी हीच घाई महागात पडते.

खडखडणारी ती वस्तू म्हणजे साउंडपोस्ट. स्प्रूसच्या लाकडाची, सुमारे 11 मिलिमीटर जाडीची ही गोल काठी चेलोच्या पोटात वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये उभी असते. तिची जागा घोडीच्या ‘ए’ तारेकडील पायाच्या किंचित मागे. ती चिकटवलेली नसते, नुसत्या पकडीवर उभी राहते. तारांची कंपने पाठीपर्यंत पोचवायची आणि वरची फळी तोलून धरायची, ही तिची दोन कामे. इटालियन भाषेत तिला ‘आनिमा’, म्हणजे आत्मा म्हणतात, ते उगीच नाही.

चेलोच्या चारही तारांचा एकत्रित ताण 50 किलोच्या वर जातो आणि त्याचा दाब घोडीवाटे फळीवर येतो. आतला आधार नसताना तारा ताणल्या, तर फळी खचते, प्रसंगी चिरते.

काठी पडली तर

सर्व तारा थोड्या थोड्या करून सैल कराव्यात. टेलपीसखाली मऊ कापड ठेवून घोडी अलगद काढावी. वाजवणे बंद ठेवून वाद्य जाणकार कारागिराकडे न्यावे. काठी बाहेर आली असेल, तर ती जपून सोबत द्यावी.

ती घरी बसवण्याचा मोह टाळावा. कारागीर काठीची दोन्ही टोके फळ्यांच्या आतल्या उताराबरहुकूम तासतो, म्हणजे टोक पूर्ण टेकते. काठीच्या लाकडाच्या रेषा वरच्या फळीच्या रेषांना आडव्या ठेवतो. मग वाकड्या हत्याराने ती ‘एफ’ आकाराच्या छिद्रातून आत नेतो आणि खालच्या दांड्याच्या भोकातून ती सरळ उभी आहे का, हे पाहतो. काठी आखूड असेल तर पुन्हा पडते. लांब असेल आणि ठोकून बसवली, तर फळीला फुगवटा येतो. तिच्या दाबाने पाठीला तडा गेला, तर दुरुस्ती अतिशय खर्चिक ठरते.

आवाज गोड करण्यासाठी काठी सरकवायची असली, तरी आधी तारांचा ताण कमी करावा लागतो. एखादा मिलिमीटर सरकली तरी आवाज बदलतो.

पडू नये म्हणून

तारा बदलताना चारही एकदम काढू नयेत. एक काढावी, तिच्या जागी नवी चढवावी, मगच दुसरीला हात लावावा. हवेतील दमटपणानुसार लाकूड फुगते, आकसते आणि पकड बदलते. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला व शेवटी काठी सरळ आहे ना, हे छिद्रातून टॉर्चच्या उजेडात पाहून घ्यावे. व्हायोलिनच्या पोटातही अशीच काठी असते, तिलाही हीच काळजी लागू पडते.