नाळेतील रक्त आणि विमा
नवजात बालकाच्या नाळेतील रक्त जतन करण्यासाठी खासगी पेढ्या मोठे शुल्क घेतात. हा भार विम्याने उचलावा, असे मातापित्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तो सरसकट उचलणे आम्हास उचित वाटत नाही. थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक व्याधीत बालकाचे स्वतःचे नाळरक्त उपयोगी पडत नाही, कारण मूळ दोष त्यातही असतो. १९८८ साली पॅरिस येथे रक्तव्याधीने पीडित बालकावर पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले, ते निरोगी बहिणीच्या नाळरक्ताने! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही केवळ भावी स्वोपयोगासाठी अशा साठवणुकीची शिफारस करीत नाही. मात्र घरात असे आजारी भावंड असेल, तर हा खर्च उपचाराचाच भाग ठरतो. तेथे विमा कंपन्यांनी हात आखडता घेता कामा नये.