आकाशकंदील आणि शिडी

परवा आकाशकंदील टांगायला मी शिडीवर चढलो, तोच खालून वायरमन ओरडला, "काका, आधी खाली उतरा!" आमच्या लोणी काळभोरच्या जुन्या घराच्या वळचणीपासून हातभरावर विजेची तार गेलेली, आणि माझी शिडी ॲल्युमिनियमची. मी मुकाट्याने उतरलो. "मी सांगतच होते," असे म्हणायची संधी सौभाग्यवतींनी सोडली नाही.

वायरमनची स्वतःची शिडी पिवळ्या दांड्यांची. "यात लोखंड नाही काका, काच आहे." काच म्हणताच माझ्या पोटात गोळा आला! पण ही काच पेल्यातली नव्हे. केसाहून बारीक तंतूंची. असे हजारो तंतू चिकट रसायनात भिजवून तापलेल्या साच्यातून ओढतात, की पलीकडून अखंड दांडा बाहेर येतो.

मग मी जरा वाचन केले. हे रसायन बहुधा पॉलिएस्टर असते. पण आता पॉलियुरेथेनही वापरतात. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी शोधलेले हे द्रव्य. आपल्या गादीतला फोम त्याच घराण्यातला. दोन द्रव एकत्र आले की ते झटकन घट्ट होते, म्हणून तंतू बंद पेटीतच भिजवावे लागतात. पण त्याचा दांडा अधिक चिवट. स्क्रू पिळला तरी सहसा तडकत नाही. वजन पोलादाच्या सुमारे चौथाई, गंज नाही, आणि उष्णता ॲल्युमिनियमच्या शेकडो पटींनी कमी वाहते. म्हणून खिडक्यांच्या चौकटीही त्याच्या होतात. दर दिवाळीला लोखंडी चौकट खरवडणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकूनच हायसे वाटले.

पण वाचकहो, सर्वगुणसंपन्न जावई जसा मिळत नाही, तसाच दांडाही. पोलादापेक्षा हा सहज वाकतो, उन्हापासून जपण्यासाठी त्याला वरून लेप लागतो, किंमतही जास्त. शिवाय लोखंडासारखा वितळवून पुन्हा ओतता येत नाही. मोडला की भंगारवालाही तोंड फिरवतो.

"मग तुझ्या शिडीवरून लावू का कंदील?" मी विचारले.

"मुळीच नाही! शिडी ओली असली, मळलेली असली, तर तिचाही भरवसा नाही. आणि तुमचा हात तर काचेचा नाही ना?"

शेवटी कंदील तारेपासून दूर, अंगणाच्या टोकाला वेळूच्या काठीवर लागला. काठी निरखून पाहिली, तर तिच्यातही तंतू आणि त्यांना धरून ठेवणारा निसर्गाचा डिंक! कारखान्याने जे आज जमवले, ते बेटातला वेळू कधीचा जमवून बसला आहे.

कंदील लागला, आणि मीही शाबूत आहे. यंदाची दिवाळी एवढ्यानेच गोड झाली.