परवान्याची पत

ब्रिटनमध्ये वास्तव्यास गेलेल्या भारतीयास येथील परवान्यावर १२ महिने मोटार चालविता येते. जर्मनीत ही मुदत सामान्यतः ६ महिन्यांची. ती सरली की लेखी व प्रत्यक्ष परीक्षा नव्याने देणे आले. जपान वा झिंबाब्वेच्या परवानाधारकास मात्र ब्रिटनमध्ये परीक्षेवाचून परवाना बदलून मिळतो.

हा उघड पक्षपात आहे, असे कोणी म्हणेल. परंतु चाचणीचा दर्जा तुल्य असल्याची खात्री पटलेल्या देशांनाच ब्रिटन ही सवलत देते. चलनी नोटेचे मोल कागदात नसून ती काढणाऱ्याच्या पतीत असते. परवान्याचेही तसेच आहे. मुदतीअखेर चालकाचे कौशल्य संपत नाही, उसना विश्वास संपतो.

आपले परिवहन कार्यालय देते तो आंतरराष्ट्रीय परवानाही येथे कामी येत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार निघणारी ती पुस्तिका मूळ परवान्याचा अनुवाद होय. तिच्यासाठी वेगळी चाचणी होत नाही.

पुन्हा शिकवणी, पुन्हा शुल्क हा भुर्दंड अखेर नोकरीसाठी गेलेल्या तरुणावर पडतो. परस्परमान्यतेची मागणी सरकारने अवश्य करावी. पण दलालावाचून आणि खऱ्या रस्त्यावर कसोशीने चाचणी घेण्याची शिस्त आधी येथे रुजली पाहिजे. पत मागून मिळत नसते.