ट्रेल शोधताय? आधी गाव नकाशा बघा

पाऊस लागला की कॉलेजच्या सायकलिंग ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, 'रविवारी कुठे?' सिंहगड झालेला असतो, खडकवासला तर दर आठवड्याचं. मग कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं. पिरंगुटवरून उरवड्याच्या पुढे, मुठा नदीच्या अंगाने, डोंगराच्या पोटातून जाणारी एक बारीक रेघ. 'भाई, काय ट्रेल आहे!' दहा मिनिटांत बारा जण तयार.

उत्साह चांगलाच आहे. पुण्यातल्या बहुतेक माउंटन बाइकचं आयुष्य एफसी रोडच्या पार्किंगमध्ये जातं. जाड दातेरी टायर, पुढे 100 मिलिमीटरचं सस्पेन्शन, आणि त्या बिचारीने पाहिलेला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे महापालिकेचा खड्डा. तिला एकदा खऱ्या मातीत न्यायलाच हवं. फक्त एक गोष्ट आधी लक्षात घ्या. आपण ज्याला ट्रेल म्हणतो, तिला तिथली माणसं वाट म्हणतात. शाळेची वाट, देवळाची वाट, गुरांची वाट, नदीवर उतरायची वाट. ती कुणी आपल्यासाठी बनवलेली नाही आणि ती बेवारसही नाही. सध्या ती झपाट्याने बंद होतेय. म्हणून बाइक पार्क मागायच्या आधी सायकलवाल्या पोरापोरींनी या वाटा उघड्या राहाव्यात यासाठी गावाच्या बाजूने उभं राहावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुण्याच्या पश्चिमेला आपण ज्याला सरसकट 'मुळशी साइड' म्हणतो, ती जुन्या हिशेबात खोऱ्यांची जमीन आहे. मुठा खोरं, मोसे खोरं, कानद खोरं, पवन मावळ, आंदर मावळ. नदीवरून नाव आणि नदीभोवती गावं. या भागातल्या वाटांचा नकाशा डोक्यात बसवायचा असेल तर नदी धरूनच चालावं लागतं. एक वाट पाण्याच्या कडेने जाते, दुसरी धारेवरून, आणि या दोघींना जोडणाऱ्या आडव्या वाटा वाडीवरून वाडीवर जातात. माउंटन बायकिंगला याहून चांगला भूगोल सांगा बरं! चढ आहे, उतार आहे, मुरूम आहे, खडक आहे, मध्येच ओढा आहे. कोट्यवधी खर्चून कुणी ट्रेल पार्क बांधलं तरी यातलं निम्मंही जमणार नाही.

पण या वाटा एकदा गेल्या आहेत. अंबी नदीवर पानशेत, मोसेवर वरसगाव, मुठेवर टेमघर, पलीकडे मुळेवर मुळशी, अशी धरणं झाली आणि खोऱ्यांच्या तळातल्या वाटा, शेतं, गावं पाण्याखाली गेली. 1921 मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला तो याच प्रश्नावर. आज आपण 'लेक व्ह्यू' म्हणून ज्याचा फोटो काढतो, त्या पाण्याखाली कुणाची तरी रोजची वाट आहे. उरल्या त्या कडेच्या आणि वरच्या वाटा. आता पाणी वर येत नाहीये, कुंपणं येताहेत.

फार्महाउस, प्लॉटिंग, 'सेकंड होम', जे काय नाव असेल ते. आधी चार खांब येतात, मग तार, मग लोखंडी गेट, मग 'खासगी मालमत्ता' अशी पाटी. जमीन विकत घेतलेली असते, त्यात गैर काही नाही. पण त्या जमिनीतून जाणारी वाट विकलेली असतेच असं नाही, आणि नेमकं हेच आपल्याला माहीत नसतं. आपण गेट बघतो, 'अरे यार' म्हणतो आणि सायकल वळवतो. मागे वाडीवरच्या बाईला मात्र रोज लांबून वळसा पडतो.

यावर उपाय जुना आहे आणि सरकारी कपाटात पडून आहे. प्रत्येक गावाचा एक गाव नकाशा असतो. तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावर एकेरी तुटक रेघ दिसली की तो पायमार्ग, दुहेरी तुटक रेघ दिसली की गाडीमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट. सव्वाआठ फूट! आपल्याला 'सिंगलट्रॅक' म्हणून हवी असते ती वाट यात आरामात बसते, शेजारून म्हैसही जाते. वहिवाटीचा शेतरस्ता कुणी अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. ही सहा महिन्यांची मेख महत्त्वाची आहे. पावसाळ्यात कुंपण पडलं आणि भात कापून, झोडून, विकून शेतकरी मोकळा होईपर्यंत मुदत संपतच आलेली असते.

दाद मागायची ती त्या शेतकऱ्याने, आपण नाही. पण दर महिन्याला तीच वाट सायकलने फिरणाऱ्या माणसाला नवं कुंपण सगळ्यात आधी दिसतं. तारीख असलेला फोटो, जीपीएसवरची नोंद, 'मागच्या महिन्यात इथून जाता येत होतं' हे सांगणारा साक्षीदार, हे सगळं आपल्या फोनमध्ये आपोआप जमा होत असतं. आपण त्याचा उपयोग फक्त 'आज 42 किलोमीटर, क्रश्ड इट' एवढाच करतो.

हे काही स्वप्नरंजन नाही. इंग्लंड-वेल्समध्ये 1968 च्या कंट्रीसाइड ॲक्टने घोडेवाटांवर सायकलला परवानगी दिली. अट एकच, चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. तिथला माउंटन बाइकर आज नदीकाठच्या डोंगरातून हक्काने जातो, कारण ती वाट कागदावर आहे. आणि ज्या वाटा कागदावर नाहीत, त्यांच्यासाठी रॅम्बलर्स या चालणाऱ्यांच्या संस्थेने 2020 मध्ये हजारो स्वयंसेवकांना घरबसल्या जुने आणि नवे नकाशे ताडून बघायला लावले. त्यांना अधिकृत नोंदीतून सुटलेल्या 49 हजार मैलांहून जास्त वाटा सापडल्या. स्कॉटलंडने तर 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर जवळपास सगळीकडे फिरण्याचा हक्कच दिला. 2023 च्या जागतिक सायकलिंग स्पर्धेतली माउंटन बाइकची क्रॉसकंट्री शर्यत झाली ती ट्वीड नदीच्या खोऱ्यातल्या ग्लेनट्रेसच्या जंगलात. आपल्याकडचा कायदा वेगळा, जमीन लहान, माणसं जास्त. त्यांची नक्कल जमणार नाही. पण जुना नकाशा उघडून रेघ शोधणं कुठल्याही देशात जमतं.

उलट उदाहरणही आहे, आणि ते या खेळाच्या जन्मगावचं आहे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात मरीन काउंटीच्या डोंगरांवर काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून सुसाट सुटायची. एका उताराचं नावच 'रीपॅक' पडलं, कारण खाली पोचेपर्यंत ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. त्यातूनच माउंटन बाइक जन्मली, 1996 मध्ये ऑलिम्पिकपर्यंत पोचली. पण तिथल्याच माउंट टॅमच्या बऱ्याचशा अरुंद पायवाटांवर सायकलला बंदी आली. चालणारे आणि घोडेवाले वैतागले होते. 1988 मध्ये माउंटन बायकिंगची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली ती वाटा अशा बंद होऊ नयेत म्हणून. म्हणजे इतक्या भारी खेळाला सगळ्यात आधी शिकावं लागलं ते शहाण्यासारखं वागायला.

ते आपणही शिकायला हवं, कारण गावाच्या बाजूने उभं राहायचं तर गावाला आपण नकोसे होऊन चालणार नाही. सगळ्यात मोठा प्रश्न पावसाळ्याचा. जून-जुलैमध्ये आपल्याला हिरवं दिसतं, तिथे त्यांची लावणी चालू असते. भातखाचराचा बांध ही दोन शेतांमधली रिकामी जागा नाही, ती पाणी धरून ठेवणारी भिंत आहे, ओल्या मातीची. त्यावरून एक सायकल गेली तर कदाचित काही होणार नाही. बारा गेल्या तर बांध खचतो, खाचरातलं पाणी निघून जातं आणि आंबेमोहोराची रोपं कोरडी पडतात. एवढ्यावर कुणी काठी घेऊन अंगावर आलं तर 'गावची लोकं सपोर्टिव्ह नाहीत' अशी पोस्ट टाकू नये, प्लीज.

बांध सोडला तरी ओल्या वाटेचं दुखणं आहेच. माणूस चालतो तेव्हा सुटी सुटी पावलं उमटतात. टायरची मात्र सलग खाच पडते. पाण्याला एवढंच हवं असतं. ते त्या खाचेत शिरतं, उतार मिळाला की वेग घेतं, मुरूम धुऊन नेतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. पुणे शहरात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ताम्हिणीच्या बाजूला काही हजार. म्हणजे आपण घरून निघताना जो पाऊस बघतो आणि ज्या पावसात त्या वाटेला टिकायचं असतं, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

ट्रेल बांधणारे एक साधा नियम पाळतात. डोंगराचा उतार जेवढा असेल, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको. जास्त झाला की पाणी वाट ओलांडून पलीकडे जाण्याऐवजी वाटेनेच खाली पळतं. शिवाय मध्ये मध्ये वाटेला हलकी बुडी द्यायची, म्हणजे पाणी तिथे बाहेर पडतं. सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटांवरून लादलेली जनावरं चढायची, त्यामुळे त्यांतल्या चांगल्या वाटा वळसे घेत, पाणी टाळत जातात. धारेवरून सरळ खाली येणारी वाट उतरायला थरारक असते, पण पहिली मरते तीच. एखाद्या क्लबला खरंच काही 'हार्डकोअर' करायचं असेल तर मे महिन्यात फावडं-टिकाव घेऊन, गावाला विचारून, त्यांच्यासोबत दोन ठिकाणी पाणी काढून द्यावं. हात चांगलेच भरून येतात.

मग पावसात चालवायचंच नाही का? चालवा की! डांबरी रस्ता आहे, खडीचा आहे, पक्का झालेला पाणंद रस्ता आहे. 2021 मध्ये राज्याची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, त्यात झालेले रस्ते बघा. मातीच्या वाटा नोव्हेंबर ते मे. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय नाही. ताम्हिणीचा काही भाग 2013 पासून अभयारण्य आहे, तिथे तर नाहीच. समोरून डोक्यावर भारा घेतलेलं माणूस आलं तर आपण उतरायचं, त्याने बाजूला व्हायचं नाही. आणि वाट कुणाच्या अंगणातून जात असेल तर ती ॲपवर सगळ्या जगाला उघडी करण्याआधी एकदा त्या मावशींना विचारायचं. पहिला सायकलवाला पाहुणा असतो, त्याला पाणी मिळतं. रेकॉर्ड झालेली रेघ बघून पुढच्या रविवारी आलेले पन्नास जण पाहुणे नसतात.

आता मुद्द्याचं. पुण्यात सायकलिंग ग्रुप असलेली कॉलेजं कमी नाहीत. भूगोलाचे विभाग आहेत, एनएसएस आहे, ज्यांच्या तासांचं काय करायचं हा दरवर्षीचा प्रश्न असतो. एका कॉलेजने मुठा खोऱ्यातली पाच गावं घ्यावीत. भूमी अभिलेखमधून पाच गाव नकाशांच्या प्रती काढाव्यात, तुटक रेघा जीपीएसवर उतरवाव्यात आणि सायकलने किंवा पायी जाऊन कुठली वाट चालू आहे, कुठली झाडोऱ्यात गेली, कुठली गेटाआड गेली ते लिहावं. ती यादी ग्रामसभेत वाचावी. पुढचं गाव ठरवेल. काही ठिकाणी सांगतील की ही वाट आम्हालाच नको आहे, तुम्हीही येऊ नका. तेही लिहून घ्यायचं आणि तिथे जायचं नाही.

ज्यांना या रविवारी जायचंच आहे त्यांच्यासाठी, टेमघरकडे जाणारा डांबरी रस्ता तेवढाच सुंदर आहे. नदी सोबतच असते.