कार्बनच्या हिशेबात श्वासाचाही रकाना हवा

कोळसा आणि कार्बन उत्सर्जन हे शब्द एकत्र आले की डोळ्यांसमोर औष्णिक वीज केंद्राची उंच चिमणी उभी राहते. ते स्वाभाविकही आहे. एक टन कोळसा जळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो, म्हणून जळालेल्या कोळशापेक्षा वायूचे वजन जास्त भरते. पण कोळसा चिमणीपर्यंत पोहोचण्याआधीच हा हिशेब सुरू झालेला असतो. डंपरच्या धुरातून, भूमिगत खाणीतून बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेतून, वर्षानुवर्षे पेटत्या राहिलेल्या थरांतून आणि रेल्वे सायडिंगकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगांतून हरितगृह वायू बाहेर पडत असतात. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेले. एवढा कोळसा उकरायचा, उचलायचा आणि वाहून न्यायचा म्हणजे हा आकडा दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही.

२०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केले. तेव्हापासून खाण उद्योगातही ‘हरित’ आराखड्यांची चर्चा वाढली आहे. त्यात वृक्षलागवड आणि सौर पॅनेल या दोन गोष्टी ठळकपणे मांडल्या जातात. दोन्ही चांगल्याच आहेत. पण कागदावर कार्बन कमी होणे आणि खाणीतल्या माणसाच्या नाकासमोरची हवा स्वच्छ होणे, या एकच गोष्टी नव्हेत. मातीच्या ढिगाऱ्यावर लावलेली रोपे जगली, तर काही वर्षांनी थोडा कार्बन शोषतील. पण डंपरचा चालक आज आठ तास जो धूर घेतो, त्यात त्यामुळे काहीच फरक पडत नाही. म्हणून खाणीतील कार्बन कमी करण्याचे उपाय निवडताना कोणत्या उपायाने माणसाचा श्वासही मोकळा होईल, हा प्रश्न आधी विचारायला हवा. असे उपाय आहेत आणि त्यांचाच क्रम पहिला लागला पाहिजे.

सुरुवात डिझेलपासून करू. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. देशातील कोळशाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग आज खुल्या खाणींतून येतो. चंद्रपूर, घुग्घुस, वणी, राजुरा, उमरेड या पट्ट्यातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) खाणींतही खुल्या खाणींचाच वाटा मोठा आहे. खुली खाण जसजशी खोल जाते, तसतसा भरलेल्या डंपरला लांब चढ चढावा लागतो आणि डिझेल वाढत जाते. कोळशाच्या वरची माती आणि दगडही याच डंपरांनी हलवावे लागतात. हिवाळ्यातल्या सकाळी खाणीच्या खड्ड्यात हवा साचून राहते. धूर वर न जाता तळाशीच रेंगाळतो आणि तिथे काम करणारी माणसे तो घेत राहतात.

हा धूर शरीरात काय करतो, याबद्दल आता वैद्यकशास्त्राला शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये डिझेलच्या धुराला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले होते. जून २०१२ मध्ये त्यातला ‘बहुधा’ हा शब्द गेला आणि हा धूर पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारक पदार्थांत आला. या गटात तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉसही आहे. गट एक असला तरी प्रत्येक पदार्थाचा धोका सारखा नसतो. पुरावा तितकाच पक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि हा पुरावा मोठ्या प्रमाणात आला तो खाण कामगारांकडूनच. अमेरिकेतील आठ खाणींतल्या १२ हजारांहून अधिक कामगारांचा अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्या कोळशाच्या खाणी नव्हत्या. पोटॅश, मीठ, चुनखडी अशा खनिजांच्या होत्या. त्यामुळे तिथे कोळशाच्या धुळीची सरमिसळ नव्हती आणि डिझेलचा परिणाम वेगळा पाहता आला. धूर सर्वाधिक घेतलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचा धोका, कमी धूर घेतलेल्यांच्या सुमारे तिप्पट आढळला.

डिझेलच्या काजळीचे कण इतके सूक्ष्म असतात की ते श्वासनलिकेत न अडकता थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. काही कण रक्तातही उतरतात. म्हणून हा प्रश्न खोकला आणि दम्यापुरता राहत नाही. हृदयविकार आणि पक्षाघाताशीही त्याचा संबंध आहे. हीच काजळी सूर्याची उष्णता शोषून हवामानही तापवते. डिझेल कमी केले की कार्बन आणि काजळी दोन्ही एकाच वेळी घटतात. रस्त्यावरच्या नव्या वाहनांना एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’चे कडक निकष लागू झाले. खाणीत राबणारी जुनी अवजड यंत्रे मात्र या निकषांच्या बाहेर आहेत. ती बदलायला वेळ लागेल, पण उभ्या यंत्राचे इंजिन बंद ठेवणे, इंजिनांची वेळच्या वेळी देखभाल करणे आणि चालकाची केबिन हवाबंद व गाळणीयुक्त ठेवणे यासाठी २०७० ची वाट पाहायची गरज नाही.

पुढचा टप्पा विजेवर चालणाऱ्या यंत्रांचा. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातली बोर्डन ही सोन्याची भूमिगत खाण २०१९ मध्ये सुरू झाली. तिची आखणीच विजेवर चालणारी यंत्रे गृहीत धरून केली होती. भूमिगत खाणीत डिझेलचा धूर पातळ करण्यासाठी अजस्र पंख्यांनी सतत हवा खेळवावी लागते आणि त्या पंख्यांवर प्रचंड वीज खर्च होते. धूरच नसेल तर पंख्यांचे कामही हलके होते, म्हणजे बचत दुहेरी होते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. आपली वीज तरी कुठून येते? कोळशातूनच ना? मग डंपर विजेवर चालवून काय साधले? आक्षेपात तथ्य आहे. कोळशाच्या विजेवर यंत्र चालवले तर कार्बनची बचत मर्यादितच राहील. पण चालकाच्या नाकाशी सुटणारा धूर आणि उंच चिमणीतून सुटून पसरणारा धूर यांत आरोग्याच्या दृष्टीने फरक आहे. चालकाचा फायदा पहिल्या दिवसापासून होतो. मात्र त्याचा भार २,९२० मेगावॉट क्षमतेच्या चंद्रपूर वीज केंद्राशेजारी राहणाऱ्यांवर पडू नये. म्हणूनच खाणीच्या रिकाम्या जमिनीवरच्या सौर विजेचा खरा उपयोग इथे आहे. ती वीज खाणीतल्या यंत्रांना मिळाली, तर सौर पॅनेल हा आराखड्यातला शोभेचा आकडा उरणार नाही.

डिझेलनंतर वाहतूक. खाणीतून सायडिंगपर्यंत ट्रकने जाणारा कोळसा गावातून जातो, शाळेसमोरून जातो, कापसाच्या शेताला लागून जातो. ट्रकचा धूर, उडणारा कोळसा आणि चाकांखालची धूळ असे तिहेरी प्रदूषण त्या रस्त्यावर होते, अपघात वेगळेच. बंदिस्त कन्व्हेयर पट्ट्यावरून कोळसा थेट सायलोत आणि तिथून रेल्वे वाघिणीत भरण्याची ‘फर्स्ट माइल कनेक्टिव्हिटी’ योजना कोळसा मंत्रालयाने हाती घेतली आहे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने २०२०-२१ मध्ये तिचा अभ्यासही केला. कार्बन, ट्रकची वर्दळ आणि डिझेलचा खर्च या तिन्हींत बचत होते, असे त्यातून पुढे आले. उपाय चांगला आहे. पण कोणत्या खाणीला पट्टा आधी मिळावा, हे केवळ टनांवर ठरू नये. ज्या रस्त्यालगत जास्त वस्ती आहे, तिथले ट्रक आधी थांबले पाहिजेत.

तिसरा मुद्दा मिथेनचा. कोळशाच्या थरात मिथेन अडकून असतो आणि खणताना मोकळा होतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान गेले की एका ठिणगीने स्फोट होतो. २८ मे १९६५ रोजी आजच्या झारखंडमधील धोरी खाणीत अशाच स्फोटाने अडीचशेहून अधिक कामगारांचा बळी घेतला. स्फोट टाळण्यासाठी मिथेन पंख्यांनी बाहेर सोडला जातो. त्यामुळे कामगार वाचतो, पण वातावरणाचा भार वाढतो. २० वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. शिवाय त्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होण्यास मदत होते आणि तो ओझोन श्वासमार्गाला इजा करतो. खणण्याआधीच बोअर घेऊन मिथेन काढून घेतला, तर खाण सुरक्षित होते आणि तो वायू इंधन म्हणून वापरताही येतो. झरियाच्या मुनीडीह खाणीत अशा वायूवर वीजनिर्मितीचा प्रायोगिक प्रकल्प झालेला आहे. म्हणजे तंत्र परके नाही, त्याचा विस्तार व्हायला हवा. विदर्भातल्या उथळ, खुल्या खाणींत मिथेन तुलनेने कमी. तिथे भर डिझेल आणि वाहतुकीवर हवा. झरियात मात्र मिथेन आणि १९१६ पासून नोंद असलेल्या आगी यांना प्राधान्य हवे. या आगींतून कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइड, गंधकाचे वायू आणि काजळी वस्त्यांमध्ये शिरते. एकच साचा सगळ्या खाणींना लावून चालणार नाही.

इथे एक सावधगिरीही हवी. कार्बन घटला म्हणजे आजार घटले, असे आपोआप होत नाही. विजेचा डंपरही धूळ उडवतो. सुरुंग आणि ड्रिलिंग यांतून वाळूच्या दगडातली सिलिका हवेत येते. तिचे कण फुप्फुसातल्या रक्षक पेशींना पचवता येत नाहीत. पेशी मरतात, तिथे वण तयार होतात आणि फुप्फुस हळूहळू कडक होत जाते. हाच सिलिकोसिस. कोळशाच्या धुळीनेही असाच आजार होतो. हे आजार बरे होत नाहीत. ते दिसायला अनेकदा १०-१५ वर्षे लागतात आणि धुळीपासून दूर गेल्यावरही वाढू शकतात. सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षयरोगाचा धोकाही जास्त. म्हणून धूर थांबवण्याच्या योजनेत पाण्याचे फवारे, ओले ड्रिलिंग आणि धुळीचे नियमित मोजमाप हेही असलेच पाहिजे.

आणि मोजायचे तर कोणाला? खाण कामगारांच्या ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणीची तरतूद १९५५ च्या खाण नियमांपासून आहे. पण आज माती हलवण्यापासून ट्रक चालवण्यापर्यंतचे बरेच काम कंत्राटदारांमार्फत होते. कंत्राट संपले की कामगार दुसऱ्या खाणीवर किंवा गावी जातो. पुढे धाप लागून तो सरकारी रुग्णालयात येतो, तेव्हा केसपेपरवर व्यवसाय म्हणून ‘मजूर’ किंवा ‘ड्रायव्हर’ एवढेच लिहिले जाते. कुठे, किती वर्षे, कोणत्या धुळीत हे कोणी विचारले नाही, तर त्याचा आजार विडीच्या किंवा क्षयरोगाच्या खात्यावर जमा होतो आणि खाण नामानिराळी राहते. भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही.

म्हणून खाण कंपन्यांच्या कार्बन अहवालाशेजारी आरोग्याचा अहवालही प्रसिद्ध व्हावा. त्यात केबिनमधली आणि भूमिगत मार्गातली काजळी, धुळीची पातळी आणि कंत्राटी कामगारांसह सर्वांच्या फुप्फुस चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष असावेत. खाणपट्ट्यातल्या रुग्णालयांत व्यवसायाचा पूर्ण तपशील नोंदवणे सक्तीचे व्हावे. प्रत्येक कामगाराची नोंद कंत्राटदार बदलला तरी त्याच्यासोबत जावी. आणि कोळशाचा काळ ओसरून खाणी बंद होऊ लागतील, तेव्हा खाणीबरोबर तपासणीही बंद होऊ नये. कारण फुप्फुसातली धूळ खाणीला कुलूप लागल्यावरही काम करत राहते.

खाणीच्या आतले उत्सर्जन कमी केले तरी तोच कोळसा पुढे जळणार आहे आणि मोठा कार्बन तिथेच सुटणार आहे. त्यामुळे ‘हरित खाण’ म्हणजे हवामान बदलावरचे उत्तर, असा दावा कोणी करू नये. ते उत्तर कोळसा कमी जाळण्यातच आहे. पण त्याला काही दशके लागणार असतील, तर त्या दशकांत खाणीत उतरणाऱ्या माणसांना ताटकळत ठेवता येणार नाही. आराखड्यातला प्रत्येक टन कार्बन कुठून कमी झाला आणि त्यामुळे कोणाचा श्वास सुधारला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या उपायाकडे आहेत, त्याच उपायावर आधी पैसा खर्च व्हावा.