बार मित्झ्वा: पाचशे पाहुणे की दहावा माणूस?

आमच्या ढोकीत जावळ असो की पहिला वाढदिवस, मंडप, जेवणावळ आणि चौकातलं बॅनर ठरलेलं. त्यामुळे अमेरिकेतल्या बार मित्झ्वाच्या झगमगाटी पार्ट्यांची रील्स पाहून फार नवल वाटत नाही. नवल वाटतं ते याचं, की या पार्टीची धर्माला गरजच नाही.

मुळात बार मित्झ्वा म्हणजे काय?

ज्यू मुलगा १३ वर्षांचा झाला की धर्माचे नियम पाळण्याची जबाबदारी त्याची स्वतःची होते. मुलींसाठी परंपरेनं हे वय १२, त्याला बात मित्झ्वा म्हणतात. वय झालं की हे आपोआप होतं, समारंभ केला नाही तरी. रूढ आहे ते एवढंच, की सिनेगॉगमध्ये तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनासाठी मुलाला पुढे बोलावतात.

आता कोकणात या. रायगडचे बेने इस्रायली हे मराठी बोलणारे ज्यू. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. सामूहिक प्रार्थनेला परंपरेनं १३ वर्षांवरचे १० पुरुष लागतात, त्याला मिनयान म्हणतात. गावात दोन-चार घरं उरली की हे दहा जमवणंच अवघड. नऊ जण ताटकळत बसलेत आणि नुकताच तेरा वर्षांचा झालेला मुलगा आत येतो. प्रार्थना सुरू होते. याहून मोठं स्वागत कुठला डीजे करणार?

शुभकार्याला बेने इस्रायली घरांत मलिदा होतो. पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, सोबत फळं आणि एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं स्मरण. खर्चाचा हिशेब तुम्हीच करा.

अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या 'माझोन' या संस्थेनं वेगळा मार्ग सुचवला: अशा समारंभाच्या खर्चाचे ३ टक्के भुकेल्यांसाठी द्या. चांगलंच आहे, पण उरलेल्या ९७ टक्क्यांचा मंडप तसाच राहतो ना!

एक गोष्ट मात्र खटकते. दहाव्या माणसाच्या या पारंपरिक गणितात मुलगी नाही. अमेरिकेत १९२२ साली न्यूयॉर्कच्या ज्युडिथ कॅप्लननं सिनेगॉगमध्ये बात मित्झ्वा केला, तेव्हा तीही नवी गोष्ट होती. आज सुधारणावादी पंथ मुलींनाही त्या दहांत मोजतात. पारंपरिक सिनेगॉगमध्ये अजूनही नाही.