तुरुंगात बांधलेली राखी



राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की आपण चाळीस दिवसांचे बेत करतो. कुणी मांसाहार सोडतं, कुणी चहा, कुणी मोबाइलवरच्या मालिका. हे चांगलंच आहे. पण एक उपवास आपण हळूच टाळतो, तो म्हणजे मनात जपलेला राग सोडण्याचा. घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी अबोला असतो आणि दर शुक्रवारी क्रुसाची वाटही चुकत नाही. मिस्सेत शांतीची खूण द्यायची वेळ आली की नेमकी दुसरीकडे मान वळते.

प्रभूने क्रम स्पष्ट सांगितला आहे (मत्तय ५:२३-२४). आधी भावाशी समेट, मग वेदीवर अर्पण. माझ्या मते आपला प्रायश्चित्तकाळ कोरडा जातो तो हा क्रम उलटल्यामुळे.

क्षमा म्हणजे काय, हे इंदूर धर्मप्रांताने जवळून पाहिलं आहे. केरळात जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया उदयनगर परिसरातल्या गरीब आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येताना बसप्रवासात त्यांना भोसकून मारण्यात आलं. चार दिवसांनी राखेचा बुधवार होता.

मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियांच्या धाकट्या भगिनी, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्याच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली. आईनेही त्याला क्षमा केली. त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आलं.

या घटनेत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. खून आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षं गेली. क्षमा एका रात्रीत होत नाही. ज्याची जखम ओली आहे, त्याला ‘विसरून जा’ म्हणून घाई करू नये.

दुसरी गोष्ट, न्यायालयाने आपलं काम केलं. क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण नव्हे. म्हणून नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि परत नांदायला जा’ असं धर्माच्या नावाने सांगणं मला मान्य नाही. तिची सुरक्षितता आधी. सिस्टर सेल्मींनी गुन्हा झालाच नाही असं म्हटलं नाही. गुन्हा करणाऱ्याला त्यांनी भाऊ म्हटलं. त्या एका शब्दाने त्याला नव्याने जगण्याची वाट मिळाली, आणि त्यांच्याही मनावरचं ओझं उतरलं असेल. प्रेम नवजीवन देतं ते असं, दोघांनाही.

आपल्यातल्या बहुतेकांची भांडणं याहून फार लहान आहेत. मग या चाळीस दिवसांत एक नाव निवडू या. पहिल्या आठवड्यापासून रोज त्या नावासाठी एक ‘हे आमच्या बापा’ म्हणू या. पापनिवेदनाला जाऊन मन मोकळं करू या. आणि जमेल तेव्हा, पवित्र आठवड्याआधी, फोन उचलू या. समोरून उत्तर आलं नाही तरी आपलं दार उघडं राहील.

प्रभू येशू, क्रुसावरून तू मारणाऱ्यांसाठी प्रार्थना केलीस. ते बळ आम्हांलाही दे. आमेन.